लाटसाहेबांचं पान

"त्या पानावर कारलं नको वाढू, साधना."

"नाही वाढत, आत्या."

"साहेबाला कडू चालत नाय."

"माहीत आहे हो. सृष्टीच्या पप्पांना काय आवडतं ते एक वेळ विसरेन मी, पण साहेबांचं पथ्य नाही विसरणार."

विमलाबाई ओट्याखाली पाटावर बसून वड्यांची पाटी राखत होत्या. भाचेसुनेचा टोमणा त्यांना बरोबर लागला, पण त्यांनी तो गिळला. आज भांडणाचा दिवस नव्हता. आज सर्वपित्री अमावस्या होती, आणि नांदगावहून हिरामण जेवायला येणार होता.

जेवायला! भिकाच्या घरातलं माणूस पुंजाच्या घरात बसून जेवणार, हे ऐकून शेजारची बायका-माणसं सकाळपासून काही ना काही निमित्त काढून फाटकाशी येऊन गेली होती. कुणाला कढीपत्ता हवा होता, कुणाला इस्त्री.

पुंजा आणि भिका हे सख्खे भाऊ. पुंजाची माणसं इथे, एकलहरे रस्त्याला राहिली. भिकाची नांदगावला गेली. तेव्हापासून शंभर वर्षांत लग्नाला येणं नाही, मयताला येणं नाही. भिका इंग्रजी राज्यात कालव्याच्या दंग्यात सापडला आणि तुरुंगात मेला, त्याची बायको पोर कडेवर घेऊन माहेरी निघून गेली, एवढंच इथल्या घरात सांगितलं जायचं. का गेली, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं : "बाई तापट व्हती."

"सहा पानं झाली ना?" विमलाबाईंनी मोजलं. "आणि चहा? बिनदुधाचा?"

"चहा झाला. चमचा ठेवला. दोन बिस्किटं ठेवली." साधना थांबली. मग राहवलं नाही तिला. "आत्या, एक सांगू? आज परका माणूस येतोय. आजच्या दिवस साहेबांचं पान नाही मांडलं तर?"

"परका कसा? घरचाच हाय तो."

"तेच म्हणते मी. त्याचा आजा इंग्रजांच्या तुरुंगात मेला. आणि आपण त्याच्यासमोर इंग्रजाला बिस्किट घालणार?"

विमलाबाईंनी पाटीवर फडकं टाकलं. "माझ्या बापानं घातलं, आज्यानं घातलं. आमच्या पुंजाबाबानं त्या माणसाला पुरातून खांद्यावर काढलं, पोरी. जीव वाचवलेला माणूस रक्ताचाच व्हतो. तू पान उचल वर."

साधनाने उचललं. उचलताना कप बशीत डुगडुगला.

*

गच्चीवर नानांनी शेडनेटखाली पाट मांडून ठेवले होते. झुंबर थेटे, म्हणजे नाना, विमलाबाईंचे भाऊ आणि साधनाचे सासरे, अठ्ठ्याहत्तरीचे. जिना चढायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून ते सकाळी उन्हं यायच्या आधीच चढून बसले होते. पुन्हा उतरावंच लागू नये म्हणून. हृदय निम्म्याहूनही कमी चालतं, असं डॉक्टर म्हणाले होते. नानांनी त्यावर विचारलं होतं, "मग उरलेलं काय करतंय?"

श्रावणाच्या सुरुवातीला ते मुलाला, महेशला, गाडी काढायला लावून नांदगावला गेले होते. हिरामणच्या दारात उभे राहिले होते, आत न जाता, कारण आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. "हिरामण," ते म्हणाले होते, "माझ्या बापाच्या मयताला भिकाच्या घरचा खांदा नव्हता. आज्याच्याबी नव्हता. माझ्या तरी असावा, एवढंच मागायला आलोय."

हिरामण म्हणाला होता, "आधी जेवू. मग खांद्याचं बघू."

एवढ्या दोन वाक्यांवर नाना दोन महिने जगले होते.

आता त्यांनी पानं ओळीत लावली. प्रत्येक पानाभोवती पाणी फिरवताना नाव घेतलं. शेवटी पुंजाबाबाचं, आणि पुंजाबाबाच्या उजव्या हाताला साहेबाचं. साहेबाच्या पानाशेजारी त्यांनी खिशातून काढून चांदीचा बिल्ला ठेवला. त्यावर घोडा होता की सिंह, हे आता झिजून कळत नव्हतं. लहानपणी नाना तो बिल्ला छातीला लावून शाळेत गेले होते, आणि त्या दिवशी मास्तरांनीही त्यांना मारलं नव्हतं.

खाली गाडीचा आवाज आला.

हिरामण उंच होता. वाकलेला, पण उंच. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, पांढरा सदरा, हातात पिशवी. पिशवीत पेरू. मागे त्याची मुलगी योगिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी आधीच तयार ठेवलेलं हसू.

"या अण्णा, या!" महेश दोन दोन पायऱ्या चढत पुढे. ओझरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं होती, पण आज तो साखरपुड्यातल्या मुलीच्या बापासारखा वागत होता. "पाणी घ्या. गार आहे. साधं पण आहे."

"जेवणाबरोबरच घेईन," हिरामण म्हणाला.

तांब्या महेशच्या हातात तसाच राहिला. नानांनी ते पाहिलं. अजून काहीच मिटलेलं नव्हतं तर. बरोबर आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. आधी कावळा शिवू दे, मग पंगत, मग पाणी. क्रमानं होऊ दे.

"काव काव काव!" सृष्टी कठड्याशी जाऊन ओरडली. नववीतल्या मुलीचा आवाज, थेट थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांपर्यंत जाईल असा. "या हो या! वडे गरम आहेत!"

एकही कावळा आला नाही.

*

योगिनीला हे घर आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला भीती वाटली. येताना गाडीत मनमाडच्या पुढे बाबा म्हणाले होते, "तिथं माझ्या आज्याचं पान असंल का गं?"

"असेल की, बाबा. सर्वपित्रीला सगळ्यांचंच असतं."

आता तिने ओळीकडे पाहिलं. बाबाही पाहत होते. त्यांचे ओठ हलले. ते मोजत होते.

"हे कोणाचं?" हिरामणने बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "कपवालं?"

महेश घाईने हसला. "ते होय! ती आमच्या घरची गंमतच आहे, अण्णा. लॉर्ड वेदरली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. लाटसाहेब."

"गंमत कसली?" विमलाबाई शेवटच्या पायरीवर धापा टाकत पोचल्या होत्या. "मान हाय तो. आपल्या पुंजाबाबानं त्याला नदीच्या पुरातून खांद्यावर बसवून अलीकडं आणला. पाणी छातीला लागलं व्हतं. साहेबानं अंगावरचा बिल्ला काढून दिला. साहेब मेल्याची खबर आली तव्हापासनं पुंजाबाबानं त्याचं पान मांडलं. म्हणाला, माझ्या खांद्यावर बसलाय तो, माझ्याच शेजारी जेवंल."

हिरामणने बिल्ल्याकडे पाहिलं.

साधना जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिची आणि योगिनीची नजरानजर झाली. दोघी एकमेकींना आजच भेटत होत्या, पण त्या एका क्षणात त्यांचं ठरून गेलं : हा विषय इथून हलवायचा.

"अगं सृष्टी," साधना म्हणाली, "परत बोलव ना कावळ्यांना."

"बोलवून घसा बसला माझा! आणि रविवारी मला जिल्हास्तरावर बोलायचंय."

"कशाबद्दल बोलणारेस?" योगिनीने आनंदाने तो धागा धरला. शिक्षिकाच ती. वक्तृत्व म्हटलं की तिला बरं वाटायचं. धागा कुठे जातो ते तिला उत्तर ऐकल्यावरच कळलं.

"लॉर्ड वेदरलींबद्दल! तालुक्यात पहिली आले मी."

"ऐकव मग," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. गेल्या वर्षापर्यंत ही पोर वर्गात हजेरीसुद्धा मान हलवून द्यायची. "हिरामण, ऐकच तू. कावळा येईस्तोवर तेवढंच. भारी बोलती."

साधना म्हणाली, "नाना, नंतर..." पण सृष्टी ओढणी मागे टाकून उभी राहिलीसुद्धा.

*

"आदरणीय गच्ची, आणि गच्चीवर जमलेल्या माझ्या जित्या आणि पितर नातेवाईकांनो!"

हिरामणसुद्धा हसला. खरंच. नानांनी ते हसू पाहिलं आणि त्यांच्या छातीतलं ते निम्म्याहून कमी उरलेलं काहीतरी भराभर चालू लागलं.

"चाळीस खोल्यांच्या घरात एक मुलगा जन्माला येतो. पण त्या घरातली एकही खोली त्याची नसते! कारण तो धाकटा असतो. इंग्लंडातल्या सरदारांच्या घरात सगळं थोरल्याला मिळतं. धाकट्याला मिळतो फक्त थोरल्याचा जुना कोट. शिवाय हा मुलगा, ऑगस्टस, अडखळत बोलतो. 'प' आला की त्याची गाडी थांबते. वडील त्याला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. मग तो काय करतो? तो जातो कुत्र्यांच्या खोपट्यात, आणि शिकारी कुत्र्यांसमोर उभा राहून भाषणं करतो! रोज! कुत्री हसत नाहीत ना!"

इथे ती थांबली. तालुक्याला इथे टाळ्या पडल्या होत्या. इथे नाना "वा!" म्हणाले.

सृष्टीने साहेबांना निवडलं होतं ते ह्या कुत्र्यांसाठीच. इतिहासाच्या बाईंनी सांगितलेल्या संकेतस्थळावर तिने ते वाचलं आणि तिला वाटलं, अरे, हा तर मीच! ती ह्याच गच्चीवर रिकाम्या पाटांसमोर बोलायला शिकली होती.

"थोरला भाऊ घोड्यावरून पडून मरतो. ऑगस्टस एका सकाळीत लॉर्ड होतो. तो पार्लमेंटात बोलतो, न अडखळता! खाणमालकाच्या मुलीशी लग्न करतो, त्या पैशातून घराचं गळकं छप्पर नीट करतो. मग सरकार त्याला वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर गव्हर्नर म्हणून पाठवतं. तिथे तो बाग लावतो, आणि साखरेवर करही लावतो. आणि मग येतो मुंबईला! बंदरावर तोफा धडाडतात. लाटसाहेब आले! आणि ह्या एवढ्या मोठ्या माणसाचा आपल्या नाशिकशी संबंध काय? तो नाशिकला एकदाच आला. फक्त एकदाच! मे महिन्यात, कालव्याचं उद्घाटन करायला. आणि तेवढ्यात आमच्या पुंजाबाबांनी त्यांना..."

"मे महिन्यात?" हिरामणने विचारलं.

आवाज अगदी हळू होता. पण सृष्टीला प्रश्न विचारलेले आवडायचे. स्पर्धेत परीक्षकही विचारतात.

"हो आबा. मेच्या मध्यावर."

"म्हंजी वैशाख."

सृष्टीने मान डोलावली.

नानांना ते हिरामणच्या आधी कळलं होतं. 'मे महिन्यात' हा शब्द पोरीच्या तोंडून निघाला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नदी आली, वैशाखातली. ह्या नदीच्या काठी त्यांचा जन्म गेला होता. वैशाखात तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. वैशाखात तिच्या पात्रातून बैलगाडी जाते आणि चाकाची लोखंडी धावसुद्धा भिजत नाही. हे भाषण त्यांनी पंधरा वेळा ऐकलं होतं. दर वेळी ते साहेबाचं नाव ऐकत होते; महिना त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"अवकाळी झाला असेल," महेश म्हणाला. फार पटकन. "आताही होतो की. गारपीट, ढगफुटी..."

"नाही पप्पा!" सृष्टी उत्साहाने म्हणाली. कुणीतरी चुकलं आणि आपल्याला उत्तर माहीत आहे, ह्याच्यासारखा आनंद नाही. "त्या वर्षी दुष्काळ होता. आदल्या वर्षी पाऊसच नव्हता. म्हणून तर शेतकऱ्यांनी पाणीपट्टी भरायला नकार दिला, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कालवा फोडला! तो माझा पुढचा परिच्छेद आहे. साहेबांनी पाच दिवस इथेच तंबू ठोकला, आणि पाच दिवसांत सगळ्यांना पकडलं. एकही निरपराध माणूस नाही, बरोबर तीच माणसं! नावं त्यांना कशी कळली हे कुठेच..."

"सृष्टी, बस." साधना.

"अगं, पण तिथेच त्यांची प्रशासकीय तडफ..."

"बस म्हटलं ना!"

सृष्टी उभीच राहिली. एक हात अजून पुढे होता, भाषणातला. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

*

"आमची म्हातारी आजी मरताना बोलली व्हती," हिरामण म्हणाला. तो कुणाकडेच पाहत नव्हता. "माझ्या बापाला बोलली. घरातल्याच माणसानं नाव दिलं. दाराला कडी नव्हती, शिपाई सरळ आत आले, अंधारात कोण कुठं निजतं ते त्यांला ठावं व्हतं. बाप म्हणायचा, म्हातारीला भ्रम झाला आसंल. मीबी तेच म्हणायचो. म्हणून तर आलो."

"बाबा," योगिनीने त्यांच्या हाताला धरलं.

"कशाला उकरून काढायचं ते?" विमलाबाई पुढे सरकल्या. "शंभर वर्षं झाली. पोरीच्या भाषणावरनं आज्याला फितूर ठरवता का? त्याला बिल्ला दिला साहेबानं! चांदीचा! उगीच देतंय का कुणी?"

"नाय आक्का," हिरामण म्हणाला. "उगीच नाय देत."

विमलाबाई मटकन पाटावर बसल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बोलल्यावर कळलं.

साधनाला वाटलं, कुणीतरी आता माफी मागेल. महेशकडे पाहिलं तर तो तांब्याकडे पाहत होता. आणि तिला फार वाईट वाटलं ते नानांचं. त्यांचा चेहरा एकाएकी रिकामा झाला होता, घरातलं सामान काढून नेल्यावर भिंतींवर नुसते पांढरे चौकोन उरावेत तसा.

"हिरामण," नाना म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं."

"ते दिसतंय नाना. तुमच्यावर राग नाय माझा." हिरामण थांबला. "मला फक्त एक सांगा. माझ्या आज्याचं पान कुठंय?"

सहा पानं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. भिका? भिकाचं पान ह्या घरात कधी मांडलंच नव्हतं. तुरुंगात मेलेला, घर सोडून गेलेल्या बाईचा नवरा. त्यांच्या बापाने मांडलं नाही, म्हणून त्यांनीही मांडलं नाही. दोन महिने ते ह्या जेवणाची तयारी करत होते. हिरामणला कोणती भाजी चालते ते त्यांनी फोनवर योगिनीला विचारलं होतं. आणि भिकाचं पान त्यांना सुचलंही नव्हतं.

नाना उठले. महेश आधार द्यायला धावला, त्याला त्यांनी ढकललं. ते ओळीच्या टोकाला गेले आणि गुडघ्यांवर बसले. साहेबाच्या पानावरचा कप त्यांनी उचलून बाजूला ठेवला. चमचा काढला. बिल्ला काढला आणि कठड्यापलीकडे फेकला. खाली पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

आयुष्यात कधी इतकं मोठं काही आपण केलं नाही, असं नानांना त्या क्षणी वाटत होतं. बापाचा, आज्याचा, सगळ्यांचा मान त्यांनी त्या पानावरून उतरवला होता. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि पानाभोवती फिरवलं.

"भिका थेटे," ते म्हणाले. "बाबा, हे तुझं पान. आजपासनं तुझं. जेव."

"नाना, नको!" साधना ओरडली. तिला कळलं होतं, पण उशिरा.

हिरामण उठून उभा राहिला.

"त्येचं उष्टं?" तो म्हणाला. "ज्यानं मारला, त्याच्या म्होरचं उचलून माझ्या आज्याला?"

"उष्टं नाय रे... कुणी शिवलंबी नाय अजून..."

"त्याच्या नावाचं पाणी फिरवलंय त्यावर, नाना! बिस्किटं तशीच हायेत!"

नानांनी खाली पाहिलं. बिस्किटं तशीच होती. खिरीच्या शेजारी, एकावर एक.

"दुसरं वाढते," साधना जिन्याकडे वळली. "अण्णा, दोन मिनिटं थांबा, मी ताजं पान वाढून आणते, सगळं आहे खाली..."

"बाबा, थांबू या ना," योगिनी म्हणाली. "वहिनी आणतायत."

हिरामणने मान हलवली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं साधनाला नंतर किती तरी दिवस वाटत राहिलं. रागावलेला माणूस परत येतो.

"शंभर वर्षं त्यो जेवला इथं," तो म्हणाला. "माझा आजा बाहेर बसून बघत आसंल. आता काय वाढता?" त्याने पिशवी उचलली, पेरूंची, मग आठवून ती पुन्हा खाली ठेवली. "खांद्याचं बघू म्हणलो व्हतो मी, नाना."

"हां," नाना म्हणाले.

"ते नाय जमायचं. आणि तुमचं सुतक आमच्याकडं येणार नाय. आमचं तुमच्याकडं कधी आलं नव्हतं."

तो जिना उतरला. महेश तांब्या घेऊनच मागे धावला, "अण्णा, निदान पाणी तरी, अण्णा, उन्हाचं जाताय..." योगिनी जाताना सृष्टीजवळ थांबली. तिच्या गालाला हात लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलताच गेली.

गाडी सुरू झाली. महेशचा आवाज फाटकापर्यंत येत राहिला, मग तोही थांबला.

*

शेडनेटखाली जिवंत माणसांची पंगतही मांडून ठेवलेली होती. साधनाने ती सकाळीच मांडली होती, हिरामणच्या पाटाभोवती रांगोळीसुद्धा काढली होती. त्या पाटासमोर मीठ वाढलेलं होतं आणि लिंबाची फोड. आता तो पाट आणि पलीकडचे सहा, सारखेच दिसत होते.

"उचला ते," विमलाबाई म्हणाल्या. "जित्या माणसाचं पान आसं मांडून ठेवू नये."

कुणी उचललं नाही.

"मम्मी," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज गेल्या वर्षीसारखा झाला होता. "मी काय चुकीचं बोलले का?"

"नाही गं."

"मग?"

साधनाने मुलीला जवळ ओढलं. सृष्टीने अंग ताठ ठेवलं. रविवारी जिल्ह्याला जायचं होतं. तेच भाषण, तीच कुत्री, त्याच जागी थांबायचं आणि टाळ्यांची वाट पाहायची. तिने मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. चाळीस खोल्यांच्या घरात एक... तिथेच ते अडलं. पुढचं येईना.

नाना अजून पानासमोर गुडघ्यांवर बसले होते. उठायचं त्राण त्यांच्या अंगात नव्हतं आणि उठवायला कुणी पुढे झालं नाही. ऊन शेडनेटच्या कडेवरून त्यांच्या पाठीवर आलं.

तेव्हा कावळा आला. कुणी बोलावला नव्हता. कठड्यावर बसला, मान तिरकी करून त्याने सगळी ओळ पाहून घेतली. वडे होते, खीर होती, तुपाची धार सोडलेला भात होता. तो टुणकन खाली उतरला, पुंजाबाबाच्या पानासमोरून चालत गेला, आणि शेवटच्या पानावरचं वरचं बिस्किट उचलून उडाला.

आणि नानांचे हात, आयुष्यभराच्या सवयीने, जोडले गेले. कपाळापर्यंत गेले. मग तिथेच थांबले. ते खाली घ्यावेत की नाही, हे त्यांना ठरवता येईना; आणि सृष्टी आईच्या खांद्यावरून ते हात बघत राहिली.